देवीला हरवायचं नाही

वाघ-शेरडांचा खेळ जमिनीवर कोळशानं आखतात. एक डोंगर काढायचा, त्याच्या शेंड्यापासून पायथ्यापर्यंत रेघा सोडायच्या आणि त्यांना आडव्या रेघांनी छेद द्यायचा. जिथं रेघेला रेघ मिळते तिथं बसायची जागा. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा शेरडं. शेरडू म्हणजे आमच्याकडची शेळी. वाघानं शेरडावरून पलीकडच्या रिकाम्या जागेवर उडी मारली की शेरडू मेलं. शेरडांनी वाघांना असं दाटून कोंडायचं की त्यांना हलायला जागा राहू नये. वाघाला उडी मारता येते, खाता येतं. शेरडाला फक्त एक जागा सरकता येतं. तरी जाणता खेळाडू शेरडंच मागून घेतो.

माझ्या वहिनीच्या नातीला एवढंच हवं होतं. ती शाळेत शिकवते. आजारपणात, सुट्टीत मुलं घरात अडकून पडली तर त्यांनी काय खेळावं यावर ती एक लहानसं पुस्तक करते आहे. चिंचोके, सागरगोटे, चल्लस, भेंड्या असं सगळं तिनं गोळा केलं आहे. लिहिलेली पानं तिनं मला आणून दिली आणि म्हणाली, "आबा, नियमात काही चुकलंय का तेवढं बघा."

नियमात काही चुकलेलं नव्हतं. पण वाघ-शेरडांच्या पानाखाली तिनं आमच्या घरात सांगतात ती गोष्ट लिहिली होती. लढाईच्या दिवसांत घरात देवी आल्या होत्या. आजी आजारी दिराजवळ बसून हा खेळ खेळायची. देवीला तिचा इतका लळा लागला की तिच्या माहेरचं माणूस न्यायला आलं, तेव्हा देवीनं दिराच्या तोंडून सांगितलं, हिला मी सोडणार नाही.

तो दीर मी. ही गोष्ट मी लग्नांत ऐकली, बारशांत ऐकली, गेल्या वर्षी वहिनीच्या दहाव्याला ऐकली, आणि प्रत्येक वेळी मान डोलावली. आता मान डोलवायचाही कंटाळा आला आहे. छापून येण्याआधी काय झालं ते एकदा लिहून टाकतो.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं, कोरडवाहू मुलखात. घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, आणि उजेडासाठी त्याला मधोमध एक भोक. घरात आई, वडील, मी आणि वहिनी. थोरला भाऊ पलटणीत होता. लग्न करून तो पंधरवड्यात परत गेला होता. वहिनी कवठे महांकाळकडची. सोळा-सतरा वर्षांची असेल. नवऱ्याचं तोंड तिनं जेवढं पाहिलं होतं त्याहून जास्त माझं पाहिलं होतं. मी नऊ-दहा वर्षांचा.

देवी टोचणारा सरकारी माणूस गावात यायचा तेव्हा आई मला कणगीत बसवायची. जोंधळ्यात गळ्यापर्यंत. टोचलं की देवीचा अपमान होतो अशी तिची समजूत होती. गावातल्या निम्म्या आयांची होती. तिचा मी राग धरत नाही. तिनं मला देवीपासून नव्हे, सुईपासून लपवलं होतं, आणि पुढं देवी आली तेव्हा तिनं तिला पाहुणी म्हणून घरात घेतलं.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं. अंगावर फोड उठले की आजार आला असं कुणी म्हणत नसे. 'घरात आई आल्यात' म्हणत. दाराला लिंबाचे डहाळे लागत. फोडणीचा चर्र आवाज बंद. चामड्याच्या वहाणा उंबऱ्याबाहेर. भांडण नाही, केस विंचरणं नाही. बाहेरच्यानं आत यायचं नाही, आजाऱ्यानं आणि त्याच्यापाशी बसणाऱ्यानं बाहेर जायचं नाही. आणि आजारी मूल म्हणजे मूल नव्हेच. त्याच्या अंगात आई वस्तीला असते. ते जे मागेल ते द्यायचं, ते जे बोलेल ते ऐकायचं, त्याला कशालाही नाही म्हणायचं नाही.

माझ्यापाशी बसायचं काम वहिनीकडं आलं. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, गालांवर बारीक वण होते, म्हणजे तिला पुन्हा भीती नव्हती. पहिले दिवस मला आठवत नाहीत. अंगाची आग आठवते आणि लिंबाच्या पाल्यानं ती अंगावरून वारं घालायची ते आठवतं. मग ताप उतरला, खपल्या धरल्या, आणि त्याहून वाईट गोष्ट सुरू झाली. कंटाळा.

बाहेर पोरांचे आवाज यायचे आणि मला उंबरा ओलांडायची मनाई. खपल्या खाजवायचीही मनाई. वहिनी हात धरून बसायची आणि हात धरल्यावर दोघांनी करायचं काय, म्हणून खेळ.

ती फार गमतीची होती, हे आता कुणाला ठाऊक नाही. फोटोतली ती आजी बघून वाटणार नाही. छपराच्या भोकातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडायचा आणि दिवसभर हळूहळू सरकत जायचा. तिनं त्याचा खेळ केला. आपण दोघांनी एकेक चिंचोका कुठंतरी ठेवायचा. ऊन ज्याच्या चिंचोक्याला आधी शिवेल तो जिंकला. ऊन माझ्या चिंचोक्याजवळ आलं की ती त्याला कानडीत दम द्यायची. तिकडं सीमेवर राहून तिला थोडं कानडी येत होतं. "वंदू, येरडू, मूरू..." असं मोजत ती उन्हाला माघारी हाकलायची आणि मी पोट धरून हसायचो. हसलो की खपल्या ताणायच्या. मग "हसू नगा भावजी, फुटंल" म्हणून तीच हसायची.

चल्लस खेळायचो. चिंचोके फोडून त्यांच्या फाका टाकायच्या आणि पडेल त्या दानानं सोंगट्या चालवायच्या. सागरगोटे ती एका हातानं झेलायची आणि दुसऱ्या हातानं माझा हात धरून ठेवायची. पण मला वाघ-शेरडांचं वेड लागलं. ती शेरडं घ्यायची, मी वाघ. वाघ म्हणून तिच्या फुटक्या बांगडीचे तीन तुकडे. शेरडं म्हणजे चिंचोके. मी रोज जिंकायचो.

आई चुलीपाशी बसून लक्ष ठेवायची. एकदा वहिनीनं माझे दोन वाघ कोंडले तशी आई म्हणाली, "ए पोरी, काय चाललंय? हरीवतीस व्हय त्येला?"

"न्हाई आत्याबाई, खेळतोय."

"खेळ की. पण हरीवायचं न्हाई. कोण बसलंय म्होरं, ध्यानात हाय ना?"

वहिनीनं एक शेरडू सरकवून वाट मोकळी केली. मी उडी मारून ते खाल्लं. आई समाधानानं भाकरी थापायला लागली.

तेव्हापासून मी जगज्जेता. पुढं बरा झाल्यावर गावातल्या पोरांशी पैजेनं बसलो आणि पहिल्या दहा चालींत माझे तिन्ही वाघ गाढवासारखे कोपऱ्यात उभे राहिले. पोरं म्हणाली, "ह्यो कुटं शिकला रं?" तेव्हा कळलं की वहिनी हरण्यात किती हुशार होती. ती कधी एकाच तऱ्हेनं हरली नाही. कधी घाईत चुकल्यासारखी, कधी विचार करकरून, कधी शेवटच्या चालीला कपाळावर हात मारून. एवढी मेहनत लोक जिंकायलाही घेत नाहीत.

मी लाडावलो होतो हे इथंच लिहितो. मला कळत होतं. नऊ-दहा वर्षांच्या पोराला एवढं कळतं. 'खोबरं पायजे' म्हटलं की वडील पायपीट करून वडूजहून खोबरं आणत. एकदा नुसती गंमत म्हणून मी म्हणालो, "बा, बैठका मारा." वडील, सबंध गावात ज्यांच्या आवाजाला बैल थांबायचे ते, हात जोडून दहा-बारा बैठका मारून गेले. वहिनीनं तोंडात पदर कोंबला होता. आई मात्र गंभीर होती. मी काही मागितलं की ती आधी हात जोडायची, मग उठायची. आपण बोललो की ते आपलं बोलणं समजत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी ती नवी ताकद मला आवडली होती.

एके दिवशी दुपारी आई परसात होती. वहिनीनं डाव मांडला आणि हळूच म्हणाली, "भावजी, आज खरं खेळू. लबाडी न्हाई."

"म्हंजी रोज लबाडी हुती?"

"तसं कुटं म्हणती मी? पण अंगातल्या आईसायबांस्नी सांगू नगा जरा. तुमी आणि मी खेळू. त्यास्नी बसू द्या बाजूला."

आणि तिनं मला हरवलं. किती सरळ हरवलं! बोलली नाही, हसली नाही, एकेक चिंचोका असा पुढं सारत गेली की माझ्या वाघांभोवती भिंत उभी राहिली. शेवटी मी बांगडीचा तुकडा उचलला तर ठेवायला जागाच नव्हती. मला रडू आलं. तिनं लगेच माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "दादानं शिकिवलंय मला. माझा दादा तर डोळं मिटून खेळतो. उद्या परत खेळू."

रात्रभर मला तो डाव दिसत होता. मला तिला हरवायचं होतं. आईनं राखून दिलेलं हरवणं नको, खरं हरवणं.

दुसऱ्या दिवशी आई पाण्याला गेली तेव्हा आम्ही बसलो. आणि या वेळी माझी सरशी होती. मी पाच शेरडं खाल्ली होती. ती ओठ चावत विचार करत होती, म्हणजे खरंच अडचणीत होती. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "ताये!"

ती उठली. कशी उठली ते सांगतो. खालीसुद्धा न बघता. तिच्या पायानं कोळशाच्या रेघा पुसल्या, चिंचोके घरभर उडाले, आणि ती उंबऱ्यापर्यंत जाऊन थबकली, कारण उंबरा ओलांडायचा नव्हता.

तिचा दादा आला होता; धाकटी असली तरी तो तिला ताईच म्हणायचा. खाकी कपडे, गावात देवी आल्यात हे वेशीपाशी कळल्यामुळं वहाणा तिथंच काढून अनवाणी. आमच्या दारासमोर गोठ्याचा कट्टा होता, तिथंच तो थांबला. लिंबाचे डहाळे पाहून त्यानं हात जोडले.

"कोण हाय आजारी?"

"धाकलं भावजी. आता बरं हायती. तू कवा आलास रं? कळीवलं न्हाईस?"

"कळवू कवा? पाच दिसांची सुट्टी. मिरजंला उतरून छोट्या आगीनगाडीनं घरी गेलो, आयला भेटलो आणि तसाच हिकडं. ती कोळशावरची मोटार, चढाला लागली की समद्यास्नी उतरवून ढकलाया लावती. पलटणीत एवढं ढकललं न्हाई मी." तो हसला. मग म्हणाला, "तुला न्यायला आलोय. आयनं सांगितलंय, घेऊन ये. तिकडं दोन दीस ऱ्हा. मग मला जायाचं हाय."

"कुटं?"

"सांगत्यात व्हय आमाला? बोटीत बसीवतील एवढं दिसतंय."

आई घागर घेऊन आली. त्यानं तिला वाकून नमस्कार केला, लांबूनच. "मावशी, दोन दिसांसाठी लावून द्या हिला. मी स्वता आणून सोडतो."

आई दुष्ट बाई नव्हती. तिचाही मुलगा पलटणीत होता. तिनं घागर खाली ठेवली आणि वहिनीकडं पाहिलं. वहिनीनं तोवर आत येऊन आपलं एक लुगडं गठुळ्यात बांधायला घेतलं होतं, कुणी काही म्हणायच्या आधी. आई म्हणाली, "बाबा, मी काय न्हाई म्हणती? ताप उतरलाय. पण घरात आईसायेब हायती. त्यांच्या घरातनं त्यास्नी न इचारता माणूस हलवायचं कसं? इचारते. त्या व्हय म्हणल्या की घेऊन जा."

मी जमिनीवर चिंचोके परत मांडत होतो. कुठलं शेरडू कुठं होतं ते मला आठवत होतं. पुसलेल्या रेघांवर मी बोटानं नवीन रेघा ओढल्या होत्या. आई माझ्यासमोर बसली, हात जोडले आणि म्हणाली, "आई, लेकीला म्हायेरी लावून देऊ का? दोन दीस. भाऊ लढाईला निघालाय तिचा."

तिनं सगळं नीट सांगितलं होतं. मला काही कळलं नाही असं म्हणायला जागा नाही.

मी म्हणालो, "न्हाई."

"आई, दोनच दीस..."

"न्हाई म्हणलं ना. ती हितंच बसंल. म्या सोडणार न्हाई तिला."

आवाज मी मुद्दाम जाड काढला. गावात अंगात येणाऱ्या बायका काढतात तसा. हे मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, वहिनीलाही नाही. आईनं डोकं जमिनीला टेकलं. "तुमी म्हणाल तसं," असं म्हणून ती उठली. बाहेर जाऊन तिनं वहिनीच्या भावाला सांगितलं.  देवीपुढं पलटणीचा माणूस काय बोलणार? त्याच्याही घरात तेच ऐकून तो वाढला होता.

थोडा वेळ तो कट्ट्यावर बसला. आमच्या घरातलं पाणीही त्याला देता येत नव्हतं, शेजारणीनं तांब्या दिला. वहिनी उंबऱ्याच्या आत, तो कट्ट्यावर, मध्ये पंधरा-वीस पावलांचं मोकळं अंगण. ती दोघं मोठ्यानं बोलत होती म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. मोठ्यानं बोलायचं म्हटलं की माणूस काय बोलणार? म्हैस व्याली का, आईचा गुडघा कसा आहे, विहिरीला पाणी किती आहे.

मग त्यानं मला हाक मारली. "काय पावनं! आमच्या ताईला हरीवलं का न्हाई?"

वहिनी म्हणाली, "देवीला कोण हरीवतंय बाबा!"

"अजून शेरडंच घेतीस व्हय?"

"आणि काय घेऊ? वाघ तुमी समदं घेऊन बसलाय."

तो खूप हसला. उठला, कपडे झटकले, परत एकदा डहाळ्यांना हात जोडले. "येतो ताये. मोटार चुकंल." ती म्हणाली, "नीट जा रं." एवढंच. गल्लीच्या वळणावर त्यानं मागं पाहिलं का ते मला माहीत नाही. मी आत होतो. वहिनी बराच वेळ दारात उभी होती.

मग ती येऊन माझ्यासमोर बसली. मी डाव मांडून तयार होतो. "तुमची चाल," मी म्हणालो. तिनं एक शेरडू उचललं आणि माझ्या वाघापुढं ठेवलं. मी खाल्लं. तिनं दुसरं ठेवलं. मी खाल्लं. ती बोटानं ढकलत गेली आणि मी खात गेलो. चार-पाच चालींत डाव संपला. त्यात कसली कला नव्हती, कपाळाला हात नव्हता. खऱ्या डावासाठी मी तिला अडवलं होतं, आणि त्या दिवसानंतर ती माझ्याशी कधीच खरं खेळली नाही.

तिचा दादा परत आला नाही. ब्रह्मदेशात कुठंतरी मारला गेला असं पुढं तारेनं कळलं. वहिनी माहेरी गेली ती रडायलाच.

आज एखादा डॉक्टर म्हणेल की बरंच झालं, देवीच्या घरातलं माणूस दुसऱ्या गावात गेलं असतं तर तिकडं साथ पसरली असती. म्हणेल आणि त्याचं खरंही असेल. मी त्या आडोशाला उभा राहणार नाही. मी 'न्हाई' म्हणालो ते साथीसाठी नव्हे.

गावात मात्र गोष्ट तयार झाली. आईनंच सांगितली, फार भक्तीनं. देवीनं सुनेला धरून ठेवलं, सोडली नाही. मग ज्या ज्या घरात देवी, गोवर, कांजिण्या यायच्या तिथून वहिनीला बोलावणं यायचं. देवीची लाडकी म्हणून. ती मुलाजवळ बसली की देवी लवकर जाते म्हणे. शेतातून दमून आलेली ती, पाय धुवायच्या आत कुणीतरी दारात उभं असायचं. ती जायची. कोळशानं डोंगर आखायची, चिंचोके काढायची आणि कुणाच्यातरी पोराकडून हरायची. काही पोरं वाचली, काही नाही. जी वाचली त्यांच्या आया तिच्या पाया पडायच्या. ती अवघडून पाय मागं घ्यायची.

लढाई संपली, माझा भाऊ पलटणीतून सुटून आला आणि त्याला सांगलीत काम लागलं. मीही शिकायला त्यांच्याकडं गेलो. गल्लीत एक जैन व्यापारी कुटुंब राहायचं. त्यांच्या धाकट्या मुलीला गोवर निघाला तेव्हा त्या घरच्या बाई आल्या. चांगल्या शिकल्यासवरल्या बाई. तरी म्हणाल्या, "वहिनी, आमच्यात तसं मानत नाहीत, पण तुमच्यावर देवीची मर्जी आहे असं ऐकलं. जरा बसाल का पोरीजवळ?"

वहिनी बसून आली. येऊन ओट्याला टेकली. तिला स्वतःला तेव्हा दिवस गेले होते आणि पाय सुजलेले असायचे. तिचा दमलेला चेहरा मला बघवला नाही. मी तोवर मॅट्रिकच्या जवळ आलो होतो, पुस्तकं वाचत होतो, खरं बोलावं असं वाटायचं वय होतं. मी म्हणालो, "वैनी, एक सांगायचं हाय. त्या दिवशी देवी बोलली न्हवती. मी बोललो हुतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तांदूळ निवडायला घेतले होते ते निवडत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. मी परत सांगायला लागलो तशी ती म्हणाली, "ऐकलं मी. बहिरी न्हाई."

एक मूठ निवडून झाल्यावर म्हणाली, "भावजी, ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मला देऊ नगा."

"पण खरं..."

"खरं घेऊन मी काय करू? देवीनं अडवलं म्हणून मी गप ऱ्हायले. तुमी अडवलं म्हणल्यावर मला तुमच्यावर रागवावं लागंल. मग आत्याबाईंवर. मग दादावर, त्यो का उठून गेला म्हणून. आणि मग माझ्यावर. पाय हुतं की मला, उंबरा केवढासा हुता! एवढ्या जणांवर रागवायचं तर मी सैपाक कवा करू?"

तिनं तांदळातला एक खडा काढून टाकला.

"आणि कुणाला सांगू नगा. मी हाय तवर तरी."

तेव्हा मी तिचं ऐकलं. ती चांगली म्हातारी होईपर्यंत जगली आणि मी गप्प राहिलो. हे गप्प राहणं तिच्यासाठी होतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. काही अंशी ते तसं होतंही. पण सोयीचं मला जास्त होतं. माझ्या मुलांच्या नजरेत मी देवीनं ज्याच्या तोंडून बोलावं असा माणूस होतो.

वर लिहिलेलं सगळं मी परवा वहिनीच्या नातीला वाचून दाखवलं. चष्म्यानंही अक्षर नीट दिसत नाही, अडखळत वाचलं.  तिच्या पुस्तकातलं ते पान तिच्या मांडीवर होतं. वाचून झाल्यावर मला वाटलं ती रागावेल. वाटलं म्हणेल, 'आबा, माझ्या आईला नका सांगू, तिला ती गोष्ट फार आवडते.' तसं ती म्हणालीही, पण नंतर. आधी तिनं दुसरंच विचारलं.

"आबा, आजीला जायचं होतं का?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. आईनं देवीला विचारलं होतं. गावानं देवीची मर्जी विचारली होती. आमच्या गोष्टीत देवीला काय हवं होतं ते आहे, आजारी दिराला काय झालं ते आहे. तिला काय हवं होतं याबद्दल त्या गोष्टीत एक शब्द नाही, आणि ती गोष्ट मी एवढी वर्षं तशीच चालू दिली.

"हो," मी म्हणालो. "जायचं होतं. लुगडं बांधून तयार होती."

तिनं पेन काढलं, पानावरची देवीची गोष्ट खोडली आणि समासात माझं ते उत्तर लिहून घेतलं.